वाचकांचे प्रश्न : समुद्रातला निर्मनुष्य प्लॅटफॉर्म

प्रश्न : मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात माणसांविना चालणारे नैसर्गिक वायूचे प्लॅटफॉर्म असतात, असे ऐकले. तिथे आग लागली किंवा वायू गळू लागला, तर तो बंद कोण करतो? – एक वाचक, उरण

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. मुंबई हाय आणि वसई या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रांतले विहिरींवरचे बरेच प्लॅटफॉर्म निर्मनुष्य असतात. तिथला तेल-वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनने मनुष्यवस्ती असलेल्या प्रक्रिया संकुलाकडे जातो आणि त्या संकुलातूनच रेडिओ संदेशांद्वारे विहिरींवर लक्ष ठेवले जाते. मोजमापाच्या उपकरणांना लागणारी थोडीशी वीज सौर पॅनेलमधून मिळते.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मात्र फार सुंदर आहे. विहिरीच्या सुरक्षा झडपा दाबाच्या जोरावर उघड्या धरलेल्या असतात, म्हणजे बंद राहणे हीच त्यांची मूळ स्थिती होय. प्लॅटफॉर्मभर फिरवलेल्या बारीक नळीत ठरावीक उष्णतेला वितळणारी धातूची बुचे बसवलेली असतात. आग लागताच बूच वितळते, नळीतला दाब उतरतो आणि झडपा स्प्रिंगच्या जोराने आपोआप मिटतात. त्यांपैकी एक झडप तर समुद्रतळाच्याही खाली, विहिरीच्या आत असते. वायू गळून वाहिनीतला दाब फार घसरला, तरीही विहीर अशीच बंद होते.

देखभालीसाठी मात्र माणसांना बोटीने किंवा हेलिकॉप्टरने जावेच लागते, आणि पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात बोटीतून प्लॅटफॉर्मवर चढणे हे आजही जोखमीचे काम आहे.