ताऱ्याचं वस्तुमान जास्त असलं, की त्याचे रेडिओ आणि अवरक्त किरणही जास्त असतात का?

नवजात, जड ताऱ्यांपुरतं बोलायचं तर हो. पण यात ताऱ्याभोवतीच्या वायूचा आणि धुळीचा वाटा फार मोठा असतो. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा काही हजारपट तेजस्वी असतो. भोवतालची धूळ तो प्रकाश शोषून तापते आणि अवरक्तात परत सोडते. म्हणून अवरक्त मोजलं की ताऱ्याच्या एकूण तेजाचा, पर्यायाने वस्तुमानाचा अंदाज येतो.

रेडिओची गोष्ट मला जास्त सुंदर वाटते. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सुटायला किमान १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे अतिनील फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, लागतात, आणि ते भरपूर देतात फक्त अतितप्त, जड तारे. सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून वळताना रेडिओ लहरी सोडतात. मृग नक्षत्रातला तेजोमेघ असाच उजळतो, मुख्यतः थीटा-१ ओरायनिस सी या एका ताऱ्यामुळे. वस्तुमान थोडं वाढलं तरी असे फोटॉन कितीतरी वाढतात, त्यामुळे अवरक्त भरपूर पण रेडिओ क्षीण दिसला, तर तारा मध्यम वस्तुमानाचा किंवा अजून घडत असलेला असू शकतो.

हा नियम सरसकट मात्र लावू नका. प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम १२ टक्के, तरी चुंबकीय स्फोटांमुळे तिथूनही रेडिओ लहरी येतात.