गाडी तुमच्या वाड्यात, नाव अजून डॉक्टरांचं

साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. आजोबांनी १९६८ साली पुण्याच्या एका डॉक्टरांकडून १९५५ ची फियाट अकराशे रोखीने घेतली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात जुळवलेली, मूळ इंजिनासकट. आजोबा १९९६ मध्ये गेले, वडील २०१९ मध्ये. आरसी बुकावर आजही डॉक्टरांचंच नाव. जवळ रेव्हेन्यू स्टँपवरची पावती आणि डॉक्टरांच्या सहीचा कोरा हस्तांतराचा फॉर्म. एजंट म्हणतो, फॉर्म भरून नाव चढवून देतो. गॅरेजवाला म्हणतो, ओम्नीचं इंजिन बसवू. व्हिंटेज म्हणून नोंद होईल का, जुना नंबर राहील का, आणि फोटो पाहून फोन करणारा डॉक्टरांचा नातू गाडी परत मागू शकतो का, हे त्यांचे प्रश्न.

अशी पत्रं मला वरचेवर येतात. कधी जीप असते, कधी मॉरिस, आणि प्रत्येकात 'कागद करू नंतर' हे वाक्य असतंच. आजोबांच्या वेळच्या १९३९ च्या कायद्यातही हस्तांतर कळवायची मुदत दिवसांत मोजलेली होती. तुमच्या घरात तीन पिढ्या गेल्या. वडील गेल्यावरही तुम्ही सहा महिन्यांत हललात असतात, तर आज अर्धं काम झालेलं असतं.

तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: डॉक्टरांची मुलगी पुण्यात आहे, वय ८२, तिला गाडी विकल्याचं आठवतं. सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे. १९६८ चा व्यवहार डोळ्यांनी पाहिलेली आणि डॉक्टरांची वारसही असलेली ती बहुधा एकमेव व्यक्ती आहे. तिचं प्रतिज्ञापत्र हवं: वडिलांनी अमुक साली अमुक माणसाला गाडी विकली, पैसे मिळाले, ताबा दिला, आमचा हक्क उरलेला नाही. त्यात बुकातले चेसिस आणि इंजिन नंबर आकडा न चुकवता लिहा, सोबत डॉक्टरांचा मृत्यू दाखला जोडा. नातवाशी भांडू नका, त्याचीही सही मिळाली तर फारच उत्तम.

डॉक्टरांच्या मुलीची सही राहून गेली, तर तुमच्या हातात मालकी जाहीर करून मागण्याचा दिवाणी दावा उरतो. समोरच्याला लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यायला कायद्याने तीस दिवस, फार तर नव्वद. प्रत्यक्षात नुसत्या समन्स बजावणीत वर्ष गेलेलं मी पाहिलं आहे. आणि आपल्या कोर्टांच्या गतीने साक्षीची तारीख येईपर्यंत साक्षीदार जिवंत राहील, याचा भरवसा मी कुणाला देत नाही.

आता तो कोरा फॉर्म. त्याला कुणालाही पेन लावू देऊ नका. तीस वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून समोर आला, तर त्यावरची सही खरी आहे असं न्यायालय मानू शकतं. पूर्वी पुरावा कायद्याचं ९० वं कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ९२ वं. एजंटने त्यात आजची तारीख आणि तुमचं नाव घातलं, की तुमच्या जुन्या पुराव्याचा बनावट दस्त होतो. मेलेल्या माणसाच्या सहीपुढे आजची तारीख कशी आली, याचं उत्तर एजंट देणार नाही, तुम्हाला द्यावं लागेल. पावती आणि फॉर्म आहेत तसे प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेशन करू नका.

नातवाच्या मागणीत मला दम दिसत नाही. गाडी ही जंगम मालमत्ता. किंमत आणि ताबा दिला-घेतला गेला की मालविक्री कायद्याने मालकी साधारणपणे तिथेच बदलते, आरसीवरच्या नावाने ती ठरत नाही. दावा लावायच्या कायदेशीर मुदतीचा मुद्दाही त्याच्याविरुद्ध जाईल, असं वाटतं. मात्र मोटार वाहन कायद्यासाठी मालक म्हणजे नोंदीतला माणूस. अपघाताच्या भरपाईत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच धरलं. म्हणून नाव चढून विमा होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, गणपतीला फुलं लावूनही नाही.

तुमच्याकडच्या वारसांत तुम्ही आई, बहीण आणि स्वतः एवढेच मोजलेत. आत्या कुठे गेल्या? आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील, तर दोन्ही आत्यांचा वडिलांइतकाच वाटा आहे. त्यांचीही संमती लागेल. वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. आरटीओ त्याचा आग्रह धरेल की प्रतिज्ञापत्रांवर भागवेल, हे कार्यालयागणिक बदलतं. थकलेल्या कराचंही तसंच.

व्हिंटेज नोंदीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. ओम्नीचं इंजिन बसवलंत की त्या व्याख्येतून बाहेर पडण्याची वेळ येईल, शिवाय बुकातला इंजिन नंबर आणि गाडी यांचा धागाही तुम्हीच तोडाल. ते १०८९ सीसीचं इंजिन जाम असेल तर खोलून दुरुस्त करा, ब्लॉक बदलू नका. आधी नोंद झालेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये, नोंद १० वर्षांची. रोजच्या वापराला किंवा भाड्याने देता येत नाही, तेव्हा लग्नाच्या ऑर्डरींचा विचार सोडा.

येत्या रविवारी पुण्याला जा. निघण्यापूर्वी गाडीवरून पेन्सिलने चेसिस प्रिंट, म्हणजे कोरलेल्या चेसिस नंबरचा कागदावर ठसा, काढा आणि बुकातल्या आकड्याशी ताडून बघा. एक आकडा जरी जुळला नाही, तरी प्रतिज्ञापत्राचा मजकूर टाईप करण्याआधी मला कळवा.