वडिलांची पावलं आणि झोप माझ्या फोनवर दिसेल असा चांगला फिटनेस बँड कोणता?

तुमचे वडील 71 वर्षांचे आहेत, तुम्ही लांब राहता आणि त्यांची पावलं, झोप तुम्हाला रोज बघायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. आमच्या घरी काय झालं ते आधी वाचा.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी दादाने बाबांच्या मनगटाला असाच बँड बांधला. ॲप दादाच्या फोनवर. रोज रात्री नऊला त्याचा फोन यायचा, "बाबा, आज 3,200च झालीत." जेवलात का, करमतंय का, काही नाही. बाबांनी जन्मात कुणाची बोलणी खाल्ली नव्हती. ते जेवणानंतर घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागले. गुडघा सुजला तरी थांबेनात.

मी राहायला गेले होते तेव्हा एकदा रात्री अकराला पाणी प्यायला उठले. बाबांच्या खोलीत दिवा होता. पलंगाच्या कडेला बसून ते बँडचा हात पुढे-मागे हलवत होते, पाळण्याला झोका द्यावा तसा, एका लयीत. आकडा वाढत होता. मला बघून म्हणाले, "चारशेच राहिलीत गं. मग तो काही बोलत नाही."

बँडला पाय दिसत नाहीत. त्यातला सेन्सर हाताच्या लयीवरून पावलं धरतो. आणि ज्या 10,000 साठी हे चाललं होतं, तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' नावाच्या यंत्राचा. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. डॉक्टरांनी ठरवलेलं प्रमाण नव्हे ते, खपासाठी निवडलेलं नाव. 2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, सरासरी वय 72. दिवसाला 2,700च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7,500च्या पुढे फरक जवळजवळ थांबत होता. मी हे दादाला पाठवलं. तो म्हणाला, "टार्गेट मोठं ठेवलं की निदान निम्मं तरी होतं."

झोपेचं त्याहून वाईट. ॲप म्हणायचं 7 तास 40 मिनिटं. बाबा दोन ते पाच छताकडे बघत पडून असायचे, आईची बाजू रिकामी ठेवून, कूससुद्धा न बदलता. झोप खात्रीने कळायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. मनगटावरचा बँड हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज करतो. निपचित पडलेला जागा माणूस त्याच्या लेखी बऱ्याचदा झोपलेलाच असतो. मी दादाला सांगत होते, बाबा झोपत नाहीत. तो मला स्क्रीनशॉट पाठवत होता. बाप तोंडाने सांगतोय ते खोटं आणि मनगटावरचं खरं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मोजण्याला माझा विरोध नाही. बाबा स्वतः अकरा वर्षं रक्तदाब लिहून ठेवतात, सकाळ-संध्याकाळ, निळ्या पेनाने, चक्कर आली तर बाजूला फुली. त्या वहीवरूनच डॉक्टरांना फुल्या आणि गोळीची वेळ यांचा मेळ लागला आणि त्यांनी वेळ बदलली. 2007 मध्ये गॅरी वुल्फ आणि केव्हिन केली या अमेरिकन पत्रकारांनी 'क्वांटिफाइड सेल्फ', म्हणजे स्वतःच स्वतःची मोजदाद ठेवणं, हे नाव रूढ केलं, त्यातही मोजणारा आणि ज्याचं मोजायचं तो माणूस एकच होता. मुलाने बापाची हजेरी घ्यायची ही भानगड नंतरची.

तेव्हा बँड घ्या, पण मोठे आकडे दिसणारा, आठवडाभर चार्जिंग टिकणारा, आणि ॲप त्यांच्याच फोनवर टाका. तुम्हाला दाखवायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. पावलांचं टार्गेट त्यांना विचारून लावा. रात्री फोन कराल तेव्हा आकडा काढू नका, झोप लागते का ते विचारा आणि सांगतील ते खरं माना. दादाला हे मी तोंडावर सांगितलंय, तो महिनाभर बोलला नाही.

वडील पडण्याची भीती असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गोष्ट वेगळी. सूचना देणारी घड्याळं मिळतात, तिथे तुमच्या फोनवर निरोप येणं गरजेचंच आहे, पण कोणतं घ्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि घड्याळातल्या रक्तदाबावर गोळ्या कमी-जास्त करू नका, त्यासाठी दंडाला पट्टा बांधायचं मशीनच ठेवा.