अपिलाची वाट पाहू नका, मुदत ४ ऑक्टोबरला संपते

प्रश्न: पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या मातीच्या धरणात आमची १ हेक्टर ४० आर जमीन गेली. भूसंपादन कायद्याच्या कलम ४ ची (जमीन घ्यायची असल्याचे जाहीर करणारी) अधिसूचना २००७ ची, मोबदला ठरवणारा निवाडा २०१० चा. आम्ही तिघा भावांनी कुठेही हरकत न नोंदवता रक्कम उचलली. शेजारच्या गटातले चौघे कोर्टात गेले आणि यंदा ४ जुलैला त्यांना जवळपास अडीचपट दर मिळाला. सरकार हायकोर्टात जाणार असे ऐकतो, म्हणून अपिलाचे काय होते ते बघून अर्ज करावा असा विचार आहे. उरलेल्या २५ आरमध्येही दर पावसाळ्यात धरणाचे पाणी चढते. काय करता येईल?

उत्तर: बुडीत क्षेत्रातून येणाऱ्या पत्रांमध्ये हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि त्यातला "बघून अर्ज करावा" हा भाग सर्वांत घातक आहे. तो विचार आजच सोडा.

तुमच्या प्रकरणाचा निकाल एका तरतुदीवर लागणार आहे. ती म्हणजे १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे कलम २८-अ. ज्यांनी कलम १८ खाली रेफरन्स, म्हणजे मोबदला वाढवण्यासाठी प्रकरण कोर्टाकडे पाठवणे, मागितला नाही, त्यांनाही त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला कोर्टाने दिलेल्या दराने मोबदला पुन्हा ठरवून मागता येतो. अर्ज लेखी हवा, जिल्हाधिकाऱ्यांकडे हवा आणि कोर्टाच्या निकालापासून तीन महिन्यांच्या आत हवा. निकाल ४ जुलैचा, तेव्हा ४ ऑक्टोबर. तुम्हाला निकाल कधी कळला याला महत्त्व नाही. मुदत निकालाच्या तारखेपासून धावते, समजल्याच्या तारखेपासून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नाही. आजारपण, पेरणी, भावाचे परगावी असणे, यातले काहीही तिथे चालत नाही.

सरकारच्या अपिलाने ही मुदत थांबत नाही. अर्ज मुदतीत दाखल करायचा, मग अपील झाले तर भूसंपादन अधिकारी तो प्रलंबित ठेवतात आणि हायकोर्टाचा निकाल लागल्यावर त्याप्रमाणे दर ठरतो. अपिलात दर कमी झाला तर तुमचाही कमी होईल, एवढाच धोका. अर्जच नसेल तर मात्र दर वाढूनही तुमच्या हाती काही येणार नाही.

रक्कम मुकाट्याने उचलली याची भीती नको. २००२ च्या हंसोली देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २८-अ च्या अर्जासाठी मोबदला हरकतीसह घेतला की हरकतीशिवाय, याने फरक पडत नाही. फरक पडला तो कलम १८ मध्ये. २०१० मध्ये पावतीवर "हरकत राखून रक्कम स्वीकारली" एवढी एक ओळ लिहून सहा आठवड्यांत अर्ज केला असता, तर आज शेजाऱ्यांच्या निकालावर विसंबावे लागले नसते. ते राहिले. आता तीच बेपर्वाई दुसऱ्यांदा करू नका.

खरी तपासणी अधिसूचनेची आहे. कलमाचे शब्द "त्याच अधिसूचनेतील जमीन" असे आहेत. तेच धरण, तेच गाव किंवा तोच निवाडा असे नाहीत. मातीच्या धरणात इथेच बहुतेकांची चूक होते.  धरणाच्या भिंतीखालची जमीन आधी लागते. माती-मुरूम काढायच्या खाणींची जमीन आणि सांडवा (जादा पाणी सोडायची वाट) व त्याचा पुढचा नाला यांचे प्रस्ताव वेगळे असतात. बुडीत क्षेत्र प्रत्यक्षात लागते घळभरणीच्या, म्हणजे नदीपात्रातली शेवटची फट बुजवण्याच्या, आधी, म्हणून ते अनेकदा नंतरच्या अधिसूचनेत येते, तेही गावनिहाय. बांधाला बांध लागून असलेले दोन गट त्यामुळे दोन अधिसूचनांत असू शकतात. शेजाऱ्यांच्या निकालपत्राची पहिली दोन पाने उघडा. तिथे कलम ४ च्या अधिसूचनेची तारीख आणि राजपत्रातला उल्लेख असतो. तो तुमच्या निवाड्यातल्या तारखेशी जुळवा. जुळला नाही तर २८-अ विसरा. मग त्या निकालाचा उपयोग फार तर शेजारच्या दराचा पुरावा म्हणून, आणि तोही सांगण्यापुरता.

दुसरी अडचण संमतीची. तुमचा निवाडा कलम ११(२) खाली संमतीने झाला असेल, किंवा जमीन थेट खरेदीने दिली असेल, तर हा मार्ग सहसा मिळत नाही. सही करताना काय वाचले होते ते आठवत नसेल तर भूसंपादन कार्यालयातून निवाड्याची नक्कल काढा.

आता अर्ज. तिघाही भावांची नावे आणि सह्या एकाच अर्जावर घाला. एकाने केला तर बाकीच्यांना चालते असा आधार शोधत बसू नका. गट क्रमांक, क्षेत्र, भूसंपादन प्रकरण क्रमांक, अधिसूचना आणि निवाड्याची तारीख, मिळालेला दर, कोर्टाने दिलेला दर, एवढे हवेच. जिरायत आणि बागायत वेगळे दाखवा, कारण कोर्टाने दर वर्गवार दिलेला असतो. झाडे आणि विहीर यांच्याबाबत मी भरवसा देत नाही, ते मूल्य ज्याचे त्याचे असते. वाढीव रकमेवर ३० टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची), कलम २३(१-अ) ची वार्षिक १२ टक्के वाढ, आणि ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ व पुढे १५ टक्के व्याज, या तिन्ही मागण्या नावानिशी लिहा.

निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी दिवाणी न्यायालयात आजच अर्ज द्या. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस तीन महिन्यांतून वगळले जातात. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, हे नकलेवरच्या शिक्क्यात नोंदलेले असते. पण शेजाऱ्याने काढलेल्या नकलेचे दिवस तुम्हाला मिळतील असे धरू नका, आणि स्वतःच्या नकलेचे दिवस मोजूनही ४ ऑक्टोबरच्या पुढे जाऊ नका. नक्कल आली नाही तर तिच्या अर्जाची पोच जोडा, नक्कल नंतर द्या. २ ऑक्टोबरला कचेरी बंद असते, म्हणून सप्टेंबर संपायच्या आत दाखल करा. जिल्हाधिकारी आणि विशेष भूसंपादन अधिकारी, दोघांच्या आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज पुढे कोणी दाखल झाला असे मानत नाही.

मुदत चुकलीच तर? त्याच अधिसूचनेतल्या आणखी कोणाचा निकाल पुढे लागला तर त्या निकालापासून नवे तीन महिने मोजता येतात, हे १९९५ च्या प्रदीप कुमारी निकालाने मान्य केले. पण असा रेफरन्स बाकी आहे का, आणि तो किती वर्षांनी निघेल, हे कोण सांगणार? या चौघांनाही पंधरा वर्षे लागली, आणि ती शेतकऱ्यांच्या वयातून गेली. अपिलाच्या निकालापासून मुदत धरता येते का, यावर निकाल एकसारखे नाहीत.

राहिले २५ आर. हे २८-अ मध्ये घालू नका, अर्ज गढूळ होईल. पूरनियंत्रणाच्या धरणात पूर्ण संचय पातळीच्या (नेहमीचा साठा जिथपर्यंत भरतात त्या पातळीच्या) वरची जागा पूर अडवण्यासाठी रिकामी ठेवतात. पूर आला की पाणी तिथे काही दिवस थांबवून हळूहळू सोडतात. तुमची जमीन बहुधा त्याच पट्ट्यात आहे. माहितीच्या अधिकारात धरणाच्या पाणीपातळीची दैनिक नोंदवही आणि संपादनाची हद्द कोणत्या पातळीला धरली ते मागवा. मग शेताच्या सर्वांत खालच्या बांधाची पातळी मोजून घ्या. नोंदवहीतली पाण्याची पातळी शेताच्या पातळीशी जुळली तर संपादनाची मागणी आणि गरज पडल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ च्या (मालमत्तेच्या हक्काच्या) आधारे हायकोर्टात रिट, असा मार्ग आहे; यश पुराव्यावर. या पावसाळ्यात पाणी चढेल तेव्हा तलाठ्याचा पंचनामा आणि तारखेसह फोटो घेऊन ठेवा, फोटोत बांधावरचे एखादे झाड किंवा विहिरीचा कठडा दिसू द्या म्हणजे जागा ओळखता येईल.

जिल्हाधिकाऱ्यांनी पुन्हा ठरवलेला दर पटला नाही तर त्यावर कोर्टात रेफरन्स मागता येतो, आणि तिथेही सहा आठवडेच धरा. त्या वेळी रक्कम घेताना पावतीवर हरकत लिहा.