शारजाची हायलक्स मोंबासाला पाठवावी का?

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा असून गेली एकोणीस वर्षे शारजात एसी दुरुस्तीचा छोटा धंदा करतो. आता धंदा आवरून गावी परतायचे ठरवले आहे. माझ्याकडे २०१४ सालची टोयोटा हायलक्स डबल केबिन पिकअप आहे. २.७ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे आणि गाडी पहिल्यापासून माझ्याच हातात आहे. इथले दलाल २४ हजार दिऱ्हमच्या वर जायला तयार नाहीत. मोंबासाला व्यापार करणारे एक परिचित मात्र म्हणतात की तिथे अशी गाडी ४५ हजारांना सहज जाईल. दुबईहून जुन्या गाड्या आफ्रिकेला जाताना मी स्वतः पाहतो. मग मीच ती पाठवून विकावी का? मुलाचे म्हणणे आहे की गाडी गावीच आणावी, आंब्याच्या हंगामात उपयोगी पडेल.
— एक वाचक, शारजा

उत्तर : आपण मांडलेल्या आकड्यांकडे वळण्यापूर्वी गाडीचे स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे एवढे पाहावे लागते, आणि मोंबासाचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. अमिरातीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे आपल्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे आहे. केनियात आपल्या भारताप्रमाणेच डावीकडून गाड्या चालतात आणि तिथे उजव्या स्टिअरिंगचीच जुनी गाडी आयात करता येते. दुसरी अट वयाची आहे : पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षे उलटलेली गाडी केनिया स्वीकारत नाही. आपली हायलक्स २०१४ची असल्यामुळे स्टिअरिंगची अडचण नसती तरीही ती या दुसऱ्या अटीत अडकली असती.

आता आपल्या परिचितांनी सांगितले ते खोटे आहे का? मला तसे वाटत नाही. मोंबासात हायलक्सला खरोखरच चांगली किंमत येते आणि दुबईहून तिकडे गाड्या जातात हेही खरे आहे. मात्र त्यांतील बहुतेक गाड्या मूळच्या जपानच्या असतात. जपानमध्ये वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे तिथल्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असते. त्या गाड्या रास अल खोरजवळच्या ‘डुकॅम्झ’ या गाड्यांच्या मुक्त व्यापारक्षेत्रात उतरतात आणि अमिरातीत नोंदणी न होताच तिथून पुढे आफ्रिकेला रवाना होतात. आपण पाहिलेल्या गाड्या याच असाव्यात. दुबईमार्गे गेलेली गाडी आणि दुबईत वापरलेली गाडी यांतला हा फरक लक्षात न आल्यामुळे फसलेली बरीच माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा मुद्दा जरा विस्ताराने सांगितला.

‘स्टिअरिंग फिरवून देतो’ असे सांगणारे गॅरेजवाले आपल्याला भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. स्टिअरिंग एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेताना डॅशबोर्ड, पेडल, वायरिंग, एअरबॅग आणि वायपर हे सारे उकलावे लागते. हेडलाइटचा झोतही उलट बाजूला झुकलेला असतो, तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. इतके करूनही चासी नंबरवरून गाडी मूळची कोणत्या बाजारासाठी बांधली होती हे कळतेच. अशा गाडीत कोणाचे तरी कुटुंब बसणार आहे, याचाही विचार विकणाऱ्याने करायला हवा.

शेजारच्या देशांतही वाट सोपी नाही. युगांडा आणि टांझानिया हे दोन्ही देश डावीकडून गाडी चालवणारे आहेत. युगांडाने २०१८ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांची आयात बंद केली, तर टांझानियात जुन्या गाडीवर जादा अबकारी कर बसतो. इथिओपियात वाहतूक उजवीकडून चालते आणि जिबूती बंदरातून माल तिथे पोहोचतो, म्हणून एकेकाळी मी तिकडे बोट दाखवले असते. पण २०२४ मध्ये त्या सरकारने पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या गाड्यांची आयातच थांबवली. डाव्या स्टिअरिंगचे उरलेले मोठे बाजार, म्हणजे अंगोला, कॅमेरून, सेनेगल, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. तिथवर जायला जहाजाला एक तर सुएझमार्गे किंवा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालून जावे लागते, आणि २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाज कंपन्या हा लांबचा वळसाच पत्करत आल्या आहेत. एका गाडीसाठी हे भाडे परवडण्यासारखे नाही.

आपण ४५ वजा २४ म्हणजे २१ हजारांचा फायदा धरला आहे. आपल्या जागी पात्र गाडी असलेला दुसरा कोणी असता, तरी मी त्याला हा हिशेब नव्याने मांडायला सांगितले असते. केनियात कर आकारताना आपल्या पावतीवरची रक्कम धरत नाहीत. त्यांच्या करखात्याकडे नव्या गाड्यांच्या किरकोळ किमतींची यादी असते, त्यातून वयानुसार घसारा वजा करून ते स्वतःच किंमत ठरवतात. त्या किमतीवर आयात शुल्क, शुल्कासह झालेल्या रकमेवर अबकारी कर आणि त्या साऱ्या बेरजेवर १६ टक्के व्हॅट लागतो. शिवाय जहाजभाडे, विमा, निघण्यापूर्वीची तपासणी, दोन्हीकडच्या एजंटांची दलाली आणि बंदराचे शुल्क हे वेगळेच. मोंबासाच्या रस्त्यावर गाडीला जो भाव दिसतो तो हे सगळे भरून झाल्यानंतरचा असतो. आणखी एक गोष्ट, आपले इंजिन पेट्रोलचे आहे. आखातात ते चालून जाते, पण आफ्रिकेत पिकअपचा गिऱ्हाईक आधी डिझेल आहे का हे विचारतो.

न्हावा शेवा आणि जेबेल अली या बंदरांत मी क्लिअरिंगचे काम करत असताना एका ओळखीच्या गृहस्थांनी दोन पिकअप पूर्व आफ्रिकेतील एका बंदरात पाठवल्या. तपासणीचे प्रमाणपत्र नंतर मिळेल, असे तिथल्या मध्यस्थाने फोनवर सांगितले होते. ते मिळाले नाही. गाड्या यार्डात उभ्या राहिल्या, दर दिवसाचे डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, चढत गेले आणि ते गाड्यांच्या किमतीपुढे गेल्यावर त्यांनी दोन्ही गाड्यांवर पाणी सोडले. ते कागद मला दाखवताना त्यांचा हात थरथरत होता, तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

योग्य बाजूचे स्टिअरिंग, नियमात बसणारे वय आणि पलीकडे पक्का खरेदीदार या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी जरूर पाठवावी. हायलक्स डबल केबिन सुमारे सव्वापाच मीटर लांब असते आणि वीस फुटी कंटेनरची आतली लांबी जवळपास ५.९ मीटर असते, म्हणजे एक गाडी त्यात नीट बसते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दोन बसतात, तेव्हा जोडीदार मिळाल्यास भाडे विभागले जाते. पैशाच्या बाबतीत एकच पथ्य कसोशीने पाळावे : पूर्ण रक्कम आपल्या खात्यात जमा होईपर्यंत मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, खरेदीदाराच्या हाती देऊ नये. त्या कागदाशिवाय बंदरात माल सुटत नाही. तो कागद एकदा हातचा गेला की गाडीही गेली, मग नुसते फोन करत बसावे लागते.

चिरंजीवांच्या सूचनेमागचा जिव्हाळा मी समजू शकतो, परंतु भारताचे नियम तर याहून कडक आहेत. उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागते आणि जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते. खेडच्या बागेतून आंब्याच्या पेट्या आणायला भारतातच एखादी पिकअप घ्यावी. टोयोटाने २०२२ मध्ये हायलक्सही भारतात आणली आहे.

तेव्हा गाडी अमिरातीतच विकावी, मात्र पहिल्या दलालाच्या २४ हजारांवर थांबू नये. दुबईच्या अल अवीर बाजारात डाव्या स्टिअरिंगच्या देशांना माल पाठवणारे निर्यातदार बसतात, त्यांच्यापैकी तीन-चार जणांना गाडी दाखवावी. त्याहूनही बरे म्हणजे आपल्यासारख्याच एखाद्या लहान कंत्राटदाराला थेट विकणे, कारण त्याला गाडी उद्या सकाळी कामाला लावायची असते आणि तो त्याची किंमत देतो. पासिंग नुकतेच झालेले असावे आणि सर्व्हिसच्या पावत्या सालवार लावून ठेवाव्यात. मागचा हौदा चासीवर जिथे बोल्टने बसवलेला असतो तिथे खाऱ्या हवेने गंज धरतो, आणि जाणकार गिऱ्हाईक वाकून आधी तेच बघतो. तो भाग आधीच साफ करून घ्यावा.

विक्री ठरली की मुल्किया, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, त्याच दिवशी परवाना विभागात खरेदीदाराच्या नावावर करून घ्यावी. गाडी निर्यात होणार असेल, तर आपल्या नावावरची नोंदणी रद्द होऊन निर्यात प्रमाणपत्र निघेपर्यंत ताबा देऊ नये, नाहीतर सलिकचे, म्हणजे दुबईतील टोलचे, पैसे आणि दंड आपल्याच नावावर येत राहतील.

आपल्या दारांवर धंद्याचे नाव आणि फोन नंबर रंगवलेला असणार. तो सोलून, खरवडून पूर्ण काढावा, नुसता स्टिकर चिकटवून झाकू नये. टेक्सासमधील एका प्लंबरने २०१३ मध्ये आपली फोर्ड पिकअप डीलरला दिली होती. पुढच्या वर्षी सीरियातील युद्धाच्या छायाचित्रात तीच गाडी विमानविरोधी तोफ बसवलेली दिसली आणि दारावर त्याच्या धंद्याचे नाव व नंबर तसेच होते. त्याला धमक्यांचे असंख्य फोन आले. आपली गाडी कोणाच्या हातून कुठे जाईल हे आपल्याला कळणार नाही, तेव्हा ताबा देण्यापूर्वी दोन्ही दारे एकदा स्वतः उन्हात तिरक्या नजरेने पाहावीत, कारण रंगाखालून पुसट अक्षरे त्याच कोनातून वाचता येतात.