सिंगापूर-क्वालालंपूर: पोरांना घेऊन पहिल्यांदा निघताना

वहिनी, मे महिन्यात जाताय तर बेळगावहून बेंगळूर गाठा. तिथून दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. उतरायचं सिंगापूरला, परतायचं क्वालालंपूरहून. म्हणजे उलटं सिंगापूरला यायला नको. सिंगापूरचा व्हिसा आधी काढावाच लागतो. दोन्ही देशांचं अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा फॉर्म, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा, पोरांचंही वेगळं.

मधला प्रवास बसनं करा, पाच-सहा तासांचा. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडल्यासारखं नाही हं. दोन्ही बाजूंना उतरून रांगेत राहायचं, मलेशियात शिरताना सामानही उतरवायचं. धाकटा झोपेत असला की वैताग, म्हणून सकाळची बस घ्या.

फराळाचं बघा. सिंगापूरला खसखस चालत नाही, तेव्हा सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी अनारसे घरीच. च्युइंगमही नको. जेवणाची काळजी सोडा, लिटल इंडियात इडली-डोसा मिळतो.

महागडी तिकिटं कमी काढा. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बे बागेतला रात्रीचा दिव्यांचा खेळ फुकट आहे. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हज या गुहांमधल्या देवळाला २७२ पायऱ्या; उन्हाआधी चढा आणि हातातला खाऊ पिशवीत टाका, माकडं हिसकावतात.