लातूरला मुलाला शिकायला ठेवतोय, तिथलं नळाचं पाणी पिण्यासारखं आहे का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पोराला अकरावीला लातूरला ठेवताय, क्लासजवळ रूम घेतलीय, घरमालक म्हणतो नळाचं पाणी आहे बिनधास्त प्या, शेजारचे म्हणतात आरओ बसवा आणि तुमचे मेहुणे म्हणतात सरळ जार लावा, तर ऐकावं कोणाचं. मी १४ वर्षं झाली इथं पोरांची मेस चालवते, रोज दोन टाइमला पन्नास-पंचावन्न ताटं, त्यामुळं पाण्याबद्दल मला जे कळलंय ते पुस्तकातून नाही, पोरं आजारी पडल्यावर त्यांच्या आईबापाचे फोन खाऊन कळलंय.

पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघताना बऱ्यापैकी चांगलं असतं. तिथून तुमच्या पोराच्या ग्लासात येईपर्यंत ते चांगलं राहतं का, सगळा खेळ तिथं आहे. म्हणून घरमालकाला पाणी कसंय असं विचारूच नका, तो चांगलंच म्हणणार. हौद शेवटचा कधी धुतला ते विचारा आणि त्याचं तोंड बघा.

लातूरला पाणी येतं मांजरा धरणातून, धरण आहे धनेगावला म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. धरणाचं पाणी कुठल्याही गावात साफ करायची पद्धत साधारण एकच, तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, मग वाळूच्या फिल्टरमधून काढायचं आणि शेवटी क्लोरीन. नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास आला की नवीन पोरं नाकं मुरडतात, मी त्यांना सांगते बाबांनो वास आला तर खुश व्हा, वास नाही आला तर काळजी करा. पिण्याच्या पाण्याचा जो भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात सुद्धा क्लोरीन मारलेल्या पाण्यात नळापाशी लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं आहे.

आता लातूरची अडचण अशी की नळ रोज येत नाही. २०१६ चं तर तुम्हाला माहीतच असेल, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीला १० वॅगन, ५ लाख लिटर, नंतर ५० वॅगनची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची. त्या उन्हाळ्यात मी ताटं धुवायला पाणी नाही म्हणून पत्रावळ्यांवर जेवण दिलं, आणि पोरांना हात धुवायला एक तांब्या, दुसरा मागायचा नाही. त्याच पावसाळ्यात धरण भरलं, पण लोकांची साठवायची सवय काही गेली नाही. मी धरून गल्लीतल्या प्रत्येक घरात हौद, वरती टाकी, बाथरूममध्ये बॅरल आणि तरी स्वयंपाकघरात चार घागरी भरलेल्या.

नळ रोज नसला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पाइप रिकामे पडतात. पाइपात पाणी प्रेशरनं भरलेलं असलं तर भोक असलं तरी पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की उलटं होतं, आजूबाजूला जे काय साचलंय ते आत झिरपतं, आणि त्यात आपण लोकं डायरेक्ट लाइनला मोटर लावून ओढतो, म्हणजे गटारातलं पाणी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या लाइट बिलावर ओढून घ्यायचं. मी पण लावायचे हो, खोटं कशाला बोलू. दुसरी गोष्ट साठवणीची. क्लोरीन काही हौदात बसून राहत नाही, एक-दोन दिवसात उडून जातं. म्हणजे नळ आल्यावर पहिल्या दिवशीचं पाणी आणि पाचव्या-सहाव्या दिवशीचं पाणी हे एक नाही, भले हौद तोच असो.

मेसच्या चौथ्या वर्षी माझ्याकडं एका आठवड्यात तीन पोरांना कावीळ झाली. डोळे पिवळे, जेवण जाईना, एकाची तर परीक्षा तोंडावर. त्याचे वडील एसटीनं आले आणि माझ्या दारात उभं राहून म्हणाले, ताई आम्ही पोरगं तुमच्या भरवशावर ठेवलंय. मला वाटलं भाजीतून काही गेलं असेल. मग ओळखीच्या एका आरोग्यसेवकानं एक छोटी बाटली आणून दिली, आत काळपट-पिवळी पट्टी असते, एच टू एस बाटली म्हणतात तिला. त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि नुसतं ठेवून द्यायचं, पाणी काळं पडलं तर त्यात शौचातून येणारे जंतू असल्याचा मोठा संशय. मी ती मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकायला गेले तर बाटली डांबरासारखी काळी. त्या दिवशी चहा काही घशाखाली उतरला नाही.

फिटरला बोलावून लाइन उकरली. मेन लाइनपासून माझ्या घरापर्यंतचा अर्धा इंची लोखंडी पाइप चक्क नालीच्या आतून गेलेला, सासऱ्यांच्या वेळचा, जवळ पडतं म्हणून टाकलेला. फिटरनं तो उपसून माझ्यापुढं धरला, वरून गंजानं फुगलेला आणि खालच्या बाजूला पेन्सिलचं टोक जाईल एवढं भोक. आणि मी दोष देत होते भाजीला. नालीपासून लांबून नवीन प्लॅस्टिकचा पाइप टाकला, डायरेक्ट मोटर काढली, नळ आपल्या प्रेशरनं हौदात पडतो आणि मोटर फक्त हौदातून वर चढवायला. हौदाचं झाकण नालीच्या लेव्हलला होतं ते वीतभर वर उचललं, नाहीतर पावसात अंगणातलं सगळं आत. त्यानंतर बाटली काळी पडली नाही, मी वर्षातून तीन-चारदा अजून लावते.

आता आरओचं. तुमच्या दारात एक पोरगा टाय घालून येईल, दोन ग्लास मागेल, एकात तुमचं नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, आणि त्यात दोन-दोन दांड्यांचं एक यंत्र बुडवून प्लग लावेल. नळाच्या पाण्यात तपकिरी-काळा गाळ उठतो आणि बायकापोरं घाबरतात. अहो तो गाळ पाण्यातला नाही, त्या लोखंडी दांडीचा गंज आहे. पाण्यात क्षार असले की करंट जातो आणि दांडी झिजते, आरओच्या पाण्यात क्षार नावालाच असतात म्हणून करंट जवळजवळ जात नाही, एवढंच. माझ्या मेसमधल्या एका बारावीच्या पोरानं त्याच्यासमोरच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, तिथं पण तसाच गाळ, मग तो टायवाला लगेच निघाला. तसंच टीडीएस मीटरचं. तो क्षार मोजतो, जंतू नाही. कावीळ देणाऱ्या पाण्याचा टीडीएस ३०० येऊ शकतो आणि चांगल्या बोअरचा ९००. मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे.

मग आरओ नकोच का, तर तसंही नाही. तुमच्या रूमवर नळाऐवजी बोअर असेल, आणि बऱ्याच बिल्डिंगला आठवड्यातले निम्मे दिवस बोअरच असतं, तर विचार करावा लागेल. बोअरचं पाणी जड, भगुन्याला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, ते एक वेळ सोडा. पण मराठवाड्यात काही भागात बोअरला फ्लोराइड आणि नायट्रेट पण निघतं, फ्लोराइडची मर्यादा लिटरला १, फार तर १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५. हे दोन्ही उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की घट्ट होतं. नांदेडकडं किनवट भागात फ्लोराइडनं लोकांचे दात-हाडं गेलेली आहेत. तेव्हा बोअर असेल तर पाणी आधी तपासून घ्या, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची लॅब जिल्ह्याला असते, आणि रिपोर्ट बघून आरओ घ्यायचं का ठरवा. नळाचं पाणी असेल तर साधं यूव्हीवालं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन किंवा उकळणं पुष्कळ झालं. आरओ लावलंच तर एक लिटरमागं दोन-तीन लिटर नालीत सोडतं, त्या नळीखाली बादली लावा, रेल्वेनं पाणी आलेल्या गावात ते बघवत नाही.

जारचं माझं मत चांगलं नाही. थंडगार असतो म्हणून पोरांना आवडतो, पण सुटा, सील नसलेला जार म्हणजे कोणाच्या तरी शेडमध्ये कोणाच्या तरी बोअरचं पाणी गार करून भरलेलं, त्यावर ना आयएसआय मार्क ना तारीख. जार आतून कधी घासतात हे भरणाऱ्यालाच माहीत. सीलबंद आणि मार्क असलेला असेल तर वेगळी गोष्ट.

पोराला करायला सोपं सांगा. नळ आला की पहिली पाच-दहा मिनिटं पाणी भरायचं नाही, पाइपात बसलेली घाण पहिल्या पाण्याबरोबर येते, ते बाथरूमला वापरा. प्यायचं पाणी फडक्यानं गाळून खळखळ उकळी येऊ द्यायची, उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं बास, अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. आणि उकळलेल्या पाण्यात हात नाही बुडवायचा! निम्मी रोगराई इथून येते, पाणी उकळतात आणि मग हाताचा तोच ग्लास घागरीत बुचकळतात. ओगराळं घेऊन द्या, नाहीतर खाली तोटी असलेला माठ द्या.

हौद सगळ्यांचा मिळून असेल तर घरमालकाला टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकायला सांगा. आरोग्यवाल्यांचं माप आहे १००० लिटरला ५ ग्रॅम, पण पावडर तशीच हौदात ओतायची नाही, बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर तिच्यात दम नसतो. आणि आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून घासायचं, कारण डेंग्यूचा डास गटारात नाही, असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसात डास होतो, म्हणजे आपण पाणी साठवून ठेवलं की तेवढ्यात त्याचं सगळं उरकतं.

बाकी रूम ठरवताना नळ कुठल्या वारी आणि किती वाजता येतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पोरगं सकाळी क्लासला गेलेलं असतं, पाणी येऊन जातं, आणि मग पुढच्या नळापर्यंत माझ्या मेसमध्ये बादली घेऊन येतात, काकू तेवढी भरू का म्हणून.